घरी बोलकं, बाहेर मुकं: सिलेक्टिव्ह म्युटिझमवर सीबीटीने काम कसं करायचं

घरी माझी लेक इतकी बोलायची की कधीकधी वाटायचं बाई गं जरा श्वास घे, आणि शाळेत सहा महिने झाले तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. एकदाही नाही. हजेरीला ओ नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणून मदत मागणं नाही, मैदानात पडली, गुडघा फुटला, तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी बाईंनी मला बोलावून अगदी जपून विचारलं, "घरी बोलते ना हो ती?" मी मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला. त्यात ती बाहुल्यांना ओळीत बसवून बाईंचीच नक्कल करत ओरडत होती. बाईंना हसावं की रडावं कळेना.

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात हे आम्हाला कळायला अजून दीड वर्ष गेलं, कारण जो तो सांगायचा लाजाळू आहे, मोठी झाली की बोलेल. ते दीड वर्ष तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण नंतरची दोन वर्षं थेरपिस्टच्या खोलीत आणि शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून जे शिकले ते सांगते, आणि थेरपिस्ट मिळाली असेल तरी हे वाचा कारण यातलं बहुतेक काम थेरपिस्ट करत नाही, आपण आणि शाळेतल्या बाई करतो.

आधी नावाचा घोटाळा. सिलेक्टिव्ह म्हटलं की लोकांना वाटतं मूल ठरवून निवडतंय कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, म्हणजे हट्टी आहे. पूर्वी डॉक्टरांनाही असंच वाटायचं, १९३४ साली ट्रॅमर नावाच्या डॉक्टरांनी याला इलेक्टिव्ह म्युटिझम म्हटलं म्हणजे आपखुशीने धरलेलं मौन. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या मॅन्युअलमध्ये १९९४ ला ते नाव बदललं आणि २०१३ च्या आवृत्तीत हा आजार सरळ अँग्झायटीच्या, म्हणजे भीती-चिंतेच्या आजारांच्या गटात टाकला. आता बघायचं ते असं की मूल बोलत नाही असं नसून त्या जागी त्या माणसासमोर त्याला बोलता येत नाही, घसा आवळतो, अंग थिजतं, चेहरा कोरा पडतो. भीतीने आपली वाचा बसते ना, तसंच, फक्त यांची रोज बसते आणि ठरलेल्या ठिकाणी बसते.

निदानासाठी हे किमान एक महिना चाललेलं असावं लागतं आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, नवीन जागी पहिला महिना बरीच मुलं गप्पच असतात. नवीन भाषेच्या शाळेत घातलेलं मूलही काही महिने नुसतं ऐकत राहतं, तेही वेगळं. पण ते मूल आपल्या मातृभाषेतही घराबाहेर बोलत नसेल तर मात्र थांबू नका. कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टला उच्चार आणि भाषा दाखवून घ्या कारण काही मुलांना बोलण्याचीही अडचण असते आणि त्यामुळे लाज अजून वाढलेली असते. आणि एक सांगते, तपासणीला जाताना घरचे व्हिडिओ घेऊन जा, कारण मूल डॉक्टरांसमोर तोंड उघडणारच नाहीये आणि मग नको ते शिक्के बसतात. आमच्यावर एका ठिकाणी मतिमंद म्हणून शिक्का बसता बसता राहिला, व्हिडिओ दाखवल्यावर समोरच्यांनी कागद बाजूला ठेवला.

आपणच कसे मधे पडतो

लिफ्टमधला प्रसंग घ्या. शेजारचे काका वाकून विचारतात, नाव काय बाळ तुझं? लेक जमिनीकडे बघते. एक सेकंद, दोन सेकंद, आणि मी नाव सांगून मोकळी. काका खूश, मी खूश, लेकीच्या छातीवरचं ओझं उतरतं. सगळ्यांची सुटका झाली, आणि तिथेच गडबड झाली, कारण तिचं मन त्या दोन सेकंदांत शिकलं की गप्प राहिलं की भीती जाते. हे दिवसातून दहा वेळा, वर्षाचे तीनशे दिवस. मूल गप्प राहण्यात पटाईत होतं आणि घरचे त्याच्या वतीने बोलण्यात.

थेरपिस्टने पहिल्याच भेटीत मला हे कागदावर गोल काढून दाखवलं: कोणीतरी विचारतं, मूल घाबरतं, मोठं माणूस मधे पडतं, भीती उतरते, पुढच्या वेळी पुन्हा तेच. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी) म्हणजे हा गोल तोडायचा. लहान मुलांत विचारांचं काम थोडं आणि वागणुकीचं जास्त असतं, म्हणजे भीतीच्या गोष्टीला इतक्या छोट्या तुकड्यांत सामोरं जायचं की मुलाला ती झेपते, आणि झेपली की भीती आपोआप उतरते हे त्याला स्वतःला अनुभवायला मिळतं. मी घरी येऊन एक दिवस मोजलं, मी तिच्या वतीने किती वेळा बोलले. सव्वीस वेळा. हे तुम्हीही एकदा करून बघा, कोणाला सांगू नका हवं तर.

पण याचा अर्थ उद्यापासून मधे पडणं बंद आणि मूल आणि काका बघून घेतील असं नाही हां. जबरदस्ती केली तर भीती वाढते. "बोलल्याशिवाय मिळणार नाही", "बघ ती तुझ्याहून लहान असून कशी बोलते", "काकांना वाईट वाटलं बघ", हे सगळं बंद. सुटका करायची नाही आणि ढकलायचंही नाही, या दोन्हीच्या मधली जागा शोधायची, आणि ती जागा म्हणजे पाच सेकंद.

पाच सेकंद

मुलाला कोणी काही विचारलं की मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचं. काही बोलायचं नाही, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, "सांग ना" म्हणायचं नाही. पाच सेकंद म्हणजे किती मोठा काळ असतो ते पहिल्यांदा करताना कळतं, मला घाम फुटला होता. पाच झाले तरी उत्तर नाही तर प्रश्न सोपा करून आपण विचारायचा आणि पुन्हा पाच मोजायचे.

प्रश्नाचा प्रकार इथे फार महत्त्वाचा आहे. "तुला निळा हवा का?" विचारलं की मूल मान हलवतं, गोष्ट संपली, आवाज लागलाच नाही. "निळा की लाल?" विचारलं की मानेने उत्तर देता येत नाही. असा दोनातला एक निवडायचा प्रश्न यांच्यासाठी सगळ्यात सोपा, कारण शब्द आपण पुरवलेले असतात, त्याने फक्त एक उचलून परत द्यायचा. "कसा हवा?" असा मोकळा प्रश्न खूप नंतरचा. आणि "आज शाळेत काय काय केलं?" हा तर बाहेरच्या माणसाने विचारूच नये.

उत्तर आलं की त्याच शब्दात परत म्हणायचं, "निळा. बरं झालं सांगितलंस, लगेच काढला मी." इतकंच. टाळ्या नाही, मिठ्या नाही, "अगंबाई बोलली!" तर मुळीच नाही.

आणि उत्तर नाहीच आलं तर? तिथून तसंच निघून जायचं नाही. दुकानाच्या काउंटरवर लेक थिजली तर मी खाली बसून विचारायचे, "कोणता, मला सांग", तेही नाही तर "बोट दाखव." मग काउंटरवाल्या ताईंना मी सांगायचे हिने हा निवडलाय. म्हणजे पायरी खाली उतरलो पण तिने काहीतरी केलं आणि मगच निघालो.

उलट ज्यांच्याशी मूल अजून अजिबात बोलत नाही त्या माणसाने सुरुवातीला प्रश्नच विचारायचे नाहीत. शेजारी बसायचं, समोरासमोर नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हातातल्या खेळाकडे बघायचं, आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं बोलत राहायचं, "अच्छा, तू पूल बांधतोयस, खाली दोन ठोकळे लावलेस." उत्तराची अपेक्षा नाही. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्या म्हणायच्या मी काय भिंतीशी बोलतेय का, पण तीन आठवड्यांनी ती भिंत म्हणाली "आजी दोन नाही तीन आहेत." नातेवाइकांना घरी बोलावताना मी आधीच फोन करून सांगायचे की पहिली पंधरा मिनिटं तिला काही विचारू नका, तिच्याकडे बघूही नका फार.

रिकामा वर्ग, सापशिडी आणि करकरणारं दार

आता मुख्य काम. याला थेरपीच्या भाषेत स्टिम्युलस फेडिंग म्हणतात, आमची थेरपिस्ट स्लायडिंग इन म्हणायची. तत्त्व एवढंच की मूल ज्या माणसाशी बोलतं त्याच्याशी बोलणं चालू असताना नवीन माणसाने हळूहळू आत सरकायचं. मूल गप्प बसलेलं असताना नवीन माणूस आणून बसवला आणि म्हटलं आता बोल, तर ते कधीच होत नाही.

शाळेने आम्हाला सुटल्यानंतर एक रिकामा वर्ग दिला, आठवड्यातून तीन दिवस, वीसेक मिनिटं. (आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा थोडं थोडं पण वारंवार हे कितीतरी बरं.) पहिले दोन दिवस बाई नव्हत्याच. मी, लेक, दार बंद, सापशिडी. नियम एकच, फासा पडला की आकडा मोठ्याने म्हणायचा आणि सोंगटी हलवताना घरं मोजायची. आकडे मोजणं, आठवड्याचे वार म्हणणं असलं बोलणं सुरुवातीला चांगलं कारण त्यात विचार करावा लागत नाही, चूक-बरोबर नसतं, तोंडाला सवयीचं असतं. पहिल्या दिवशी ती अर्धा वेळ कुजबुजतच होती, कारण वर्ग ही जागाच तिच्यासाठी गप्प राहायची जागा झाली होती. दुसऱ्या दिवशी सापाने गिळलं तेव्हा घरच्यासारखी किंचाळली.

तिसऱ्या दिवशी बाई व्हरांड्यात उभ्या, दार बंद. हे लेकीला आधीच सांगितलेलं होतं, लपवाछपवी बिलकुल करायची नाही, एकदा फसवलं की विश्वास गेला. चौथ्या दिवशी दार वीतभर उघडं. ते दार करकरलं आणि हिचा आवाज गपकन बंद. फाशावर चार पडलेले, तिने बोटाने सोंगटी चार घरं सरकवली, तोंड बंद. मी पाच मोजले, काही नाही. मग मी उठून दार परत लावलं, दोन डाव खेळलो, आवाज आला, आणि मग परत वीतभर उघडलं. आवाज बारीक झाला पण राहिला. मला वाटलं होतं आज फुकट गेला, थेरपिस्ट म्हणाली आजचाच दिवस कामाचा, आवाज गेला तरी परत आणता येतो हे तिला कळलं.

मग बाई दारात, आमच्याकडे पाठ करून वह्या तपासत. मग आत, लांबच्या बाकावर. मग शेजारच्या बाकावर, अजूनही वह्याच. मग त्यांनी फक्त आपला फासा टाकायचा आणि आपला आकडा म्हणायचा, लेकीशी बोलायचं नाही. मग आकड्यांची साखळी, मी एक, लेक दोन, बाई तीन, मी चार. इथे कळलं का काय झालं, लेक बाईंच्या शेजारी बसून बाईंच्या आवाजाला लागून बोलली, तरी तिला कोणी बोल म्हटलं नव्हतं. यानंतर मी बाहेर सरकायला लागले. आधी डाव सोडून नुसती बसले, मग खुर्ची मागे, मग दारात, मग व्हरांड्यात. अकराव्या दिवशी मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते आणि आतून आवाज आला, "बाई, तुमची सोंगटी चुकलीय, तुम्ही एक घर जास्त गेलात." कोणी विचारलेलं नसताना.

एका पायरीवर अडकलात तर ती पायरी अर्धी करा. दारातून आत ही उडी मोठी वाटली तर आधी पाय आत, मग खुर्ची आत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नवीन माणूस आणि नवीन जागा एकदम नको. आमच्या अकरा दिवसांवर तुमचं मोजू नका, कोणाला चार लागतात कोणाला चाळीस.

शिडी

बाई झाल्या म्हणजे संपलं नाही. बाईंशी रिकाम्या वर्गात बोलणारं मूल भरल्या वर्गात बोलत नाही, मैत्रिणीशी बोलणारं तिच्या आईशी बोलत नाही. म्हणून शिडी करायची, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत तीन गोष्टी बदलता येतात: कोण, कुठे आणि काय बोलायचं. कोण म्हणजे आई, एक मैत्रीण, तीन मैत्रिणी, वर्ग, अनोळखी माणूस. कुठे म्हणजे घर, रिकामा वर्ग, मैदान, दुकान. काय म्हणजे आकडा, एक शब्द, वाक्य, आपणहून विचारणं. मुलाबरोबर बसून कागदाच्या चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा आणि त्यालाच शून्य ते दहा भीतीचे मार्क द्यायला लावा. दोन-तीन मार्कांच्या चिठ्ठीपासून सुरुवात. लेकीने फोनवर मावशीशी बोलायला दोन दिले आणि हजेरीला ओ द्यायला नऊ, मला वाटलं होतं हजेरी सोपी असेल, एकच तर अक्षर आहे. पण त्या एका अक्षराच्या वेळी अख्खा वर्ग शांत होऊन ऐकत असतो. म्हणून मार्क मुलालाच देऊ द्या.

एकच पायरी तीनतीनदा चारचारदा करायची. मूल कंटाळून "परत तेच?" म्हणालं की समजायचं ती पायरी झाली.

हजेरीचं आम्ही असं केलं. आधी घरी ओ देतानाचं रेकॉर्डिंग, ते बाईंनी तिच्यासमोर ऐकलं. मग रिकाम्या वर्गात खोटी हजेरी, पटावर फक्त तिचं नाव. मग दोन मैत्रिणींसह खोटी हजेरी. मग खऱ्या हजेरीत बाईंनी तिच्या बाकाजवळ उभं राहून नाव घ्यायचं. रेकॉर्डिंगचा उपयोग मोठ्या मुलांना तर फारच होतो, माझा आवाज विचित्र आहे ही भीती अनेकांना असते आणि तो दुसऱ्याने ऐकला आणि काहीही झालं नाही हे बघायला मिळतं.

आणि इथेच आमच्या घोड्याने पेंड खाल्ली. लेकीने भरल्या वर्गात पहिल्यांदा ओ दिला आणि मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, ती बोलली ती बोलली, सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्रेमानेच वाजवल्या हो. पण पुढचे तीन आठवडे शाळेत एक शब्द नाही, बाईंशीही नाही, सापशिडीपासून परत. चूक आमची, आम्ही वर्गाला तयारच केलं नव्हतं. वर्गाला आधीच एक वाक्य सांगून ठेवायला हवं, की कोणी हळू पळतं कोणी जोरात पळतं, तसं तिला बोलायला वेळ लागतो, ती बोलली की आपण जे करत होतो तेच करत राहायचं. आणि वर्गातली मुलं "ती बोलत नाही" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात ते थांबवायचं, "अजून इथे बोलली नाहीये" असं म्हणायला शिकवायचं. या मुलांना न बोलणारी म्हणून ओळख चिकटते आणि मग ती ओळख मोडायचीच भीती वाटते.

बक्षीस, कुजबुज आणि शू

बक्षिसं द्या, लाच नको. फरक असा की बक्षीस आधी ठरलेलं, छोटं आणि लगेच मिळणारं, पायरी चढायचा प्रयत्न केला की स्टिकर, पाच स्टिकर झाले की आवडीचं काहीतरी. "मामांशी बोललीस तर सायकल" ही लाच, त्यात इतकं मोठं काही पणाला लागतं की मूल अजून थिजतं. मिळालेला स्टिकर कधीच काढून घ्यायचा नाही. आणि मूल ती पायरी नाही करू शकलं तर चेहरा पाडायचा नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं.

कुजबुजीबद्दल थेरपिस्टांची मतं वेगवेगळी. काही जण तिला पायरी मानतात. माझं मत, मधली पायरी म्हणून चालेल पण मुक्काम करू देऊ नका, कारण कुजबुजीची सवय लागते आणि मग ती सोडवणं हे नवीन काम होऊन बसतं. आईच्या कानात कुजबुजायचं आणि आईने सांगायचं हे तर नकोच. त्यापेक्षा मुलाला माणसापासून दोन पावलं लांब नेऊन साध्या आवाजात आपल्याशी बोलू द्या, समोरच्याला ऐकू जाईल एवढं. अंतर नंतर कमी करता येतं.

शू, पोटात दुखणं, लागणं, कोणी त्रास देणं, यावर सराव करायचा नाही. पहिल्या दिवसापासून यासाठी खूण किंवा कार्ड द्या, बाकावर ठेवलं की बाईंनी काही न विचारता जाऊ द्यायचं. ही मुलं दिवसभर शू दाबून बसतात, पाणी पीत नाहीत, आणि आपल्याला वाटतं बाटली भरलेलीच का परत येते.

डोक्यातलं काम

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांबरोबर विचारांवरही काम करता येतं. आमच्याकडे वही होती, डाव्या बाजूला बोलायच्या आधी "काय होईल असं वाटतं", उजव्या बाजूला नंतर "खरं काय झालं". डावीकडे: लायब्ररीतल्या काकू म्हणतील मोठ्याने बोल, सगळे वळून बघतील. उजवीकडे: काकूंनी पुस्तक दिलं, कोणी बघितलं नाही, एक आजोबा झोपले होते. अशी दहा पानं भरली की मुलाला आपलंच अक्षर दिसतं, समजावून सांगावं लागत नाही. "घाबरण्यासारखं काही नाही" असं मात्र म्हणू नका, त्याला भीती वाटतेय हे खरं आहे. "भीती वाटतेय आणि तरी आकडा म्हणून बघू" हे चालतं. भीतीला एक नाव द्या हवं तर, लेकीने तिच्या भीतीला "गोंद" नाव दिलं होतं, आज गोंद किती पातळ आहे असं आम्ही विचारायचो.

टीनएजर असेल तर शिडी त्याच्या हातात द्या. बाईंना आधी मेसेज, मग व्हॉइस मेसेज, मग फोन. मूल लहान असताना केलं तर काम लवकर होतं हे खरं, पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, मोठ्या मुलांत सोशल अँग्झायटी आणि उदासपणाही बघावा लागतो म्हणून त्यांना तज्ज्ञ हवाच.

फायदा होतो का? बर्गमन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांची २१ मुलं होती, २४ आठवड्यांची अशीच वागणुकीची थेरपी. ज्यांना मिळाली त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांचं निदान शेवटी उरलं नाही, थेरपीसाठी नुसतं वाट बघायला लावलेल्या गटात मात्र सगळ्यांचं तसंच राहिलं. नॉर्वेत घरी आणि शाळेत असंच काम केलेल्या मुलांना पाच वर्षांनी परत बघितलं, ३० पैकी २१ पूर्ण बरी होती, आणि लहान वयात सुरू केलेल्यांचं जास्त चांगलं झालं होतं. आकडे छोटे आहेत, पण "मोठी झाली की बोलेल" यापेक्षा मला ते बरे वाटतात.

औषधाचं विचाराल तर काही महिने नीट काम करूनही मूल जागचं हलत नसेल, किंवा भीती इतकी की पहिली पायरीच घेता येत नाही, तर चाइल्ड सायकिअ‍ॅट्रिस्ट फ्लुओक्सेटिनसारखं एसएसआरआय गटातलं (भीती आणि उदासपणावर देतात ते) औषध सुचवू शकतात. औषधाने बोलणं शिकवलं जात नाही, भीतीची धार कमी होते म्हणजे शिडी चढता येते, त्यामुळे थेरपी सोबत चालूच. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मूडकडे, चिडचिडीकडे, स्वतःला इजा करायच्या बोलण्याकडे बारीक लक्ष ठेवायचं आणि तसं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. आम्हाला लागली नाही, पण ज्यांना लागते त्यांना नावं ठेवणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

थेरपिस्ट निवडताना एकच विचारा, शाळेत काम कसं करणार? फक्त आपल्या खोलीत खेळवते आणि शाळेशी बोलायला तयार नाही असं असेल तर दुसरी बघा. मूल तिच्या खोलीत बोलायला लागेल, शाळेत तसंच राहील.

नवीन वर्ग

सुट्टीनंतर थोडं मागे जाणं होतंच, आजारपणानंतरही, शाळा बदलली तर जास्त. घाबरू नका, दुसऱ्यांदा पायऱ्या लवकर होतात. वर्ग बदलायच्या आधी जुन्या बाईंना नवीन बाईंना आत सरकवू द्या, तीच रिकाम्या वर्गातली सापशिडी, आता आईऐवजी जुन्या बाई. नवीन बाईंना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या. आम्ही दरवर्षी देतो, त्यात लिहिलेलं असतं: पहिला आठवडा प्रश्न नकोत. नंतर दोनातला एक निवडायचा प्रश्न, आणि पाच सेकंद थांबा. बोलली तर टाळ्या नकोत. शूचं कार्ड निळं आहे. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावण्याआधी आदल्या दिवशी सांगा.

यंदा चिठ्ठी लिहून झाल्यावर लेकीने ती वाचली, पेन घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं, "निळं कार्ड आता नको, मी विचारते. आणि मला खिडकीजवळ बसायचंय पण ते मी स्वतः सांगेन, तुम्ही आधी विचारू नका."